माहिती की आज्ञा?
संगणकीय खेळांत घातलेल्या भरीचा आणि भरवशाचा इतिहास

मुलांच्या हाती कोणताही खेळ द्या, थोड्याच दिवसांत त्याचे नियम बदललेले दिसतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ येतो, चेंडू शेजारच्या अंगणात गेला तर फलंदाज बाद ठरतो, लिंबूटिंबूला एखादे जीवदान जास्त मिळते. हे नियम कोणत्याही पुस्तकात नसतात. जागा, वेळ आणि भिडू पाहून मुलांनी ते घडवलेले असतात. संगणकावरच्या खेळांचेही तेच झाले. खेळ बनवणाऱ्याने दिलेला खेळ जसाच्या तसा खेळणे हा पहिला टप्पा. त्यात नवे नकाशे, नवी पात्रे, नवी चित्रे, नवे नियम घालणे हा पुढचा. खेळणाऱ्यांनी बाहेरून घातलेल्या या भरीला ‘मॉड’ म्हणतात. ‘मॉडिफिकेशन’ या शब्दाचा तो तुकडा आहे.

हा शब्द आता सातवी-आठवीच्या वर्गातही ऐकू येतो, आणि त्यापाठोपाठ पालकांचा प्रश्नही येतो: कुणा अनोळखी माणसाने बनवलेली अशी फाईल संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेणे सुरक्षित आहे का? सहसा दोन उत्तरे दिली जातात. एक, ‘असले काही घ्यायचेच नाही.’ दुसरे, ‘विषाणूनाशक प्रोग्रॅम आहे ना, मग काळजी कशाला?’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे आम्हांला वाटते. का ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण खेळांतली भर आणि तिच्यातून येणारा धोका हे दोन्ही संगणकाच्या एकाच गुणधर्मातून जन्मले आहेत.

एकच स्मृती

जून १९४५ मध्ये ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकाचा एक आराखडा जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने प्रसृत झाला. त्यातल्या कल्पनांत एकर्ट आणि मॉकली या अभियंत्यांचाही वाटा होता. त्या वेळी बांधल्या जात असलेल्या ‘एनिॲक’ला नवे काम सांगायचे म्हणजे तारा एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात खुपसायच्या आणि स्विच फिरवायचे, असा प्रकार होता. नव्या आराखड्यातली युक्ती अशी, की आज्ञाही संख्यांच्याच रूपात लिहायच्या आणि ज्या स्मृतीत माहिती ठेवायची त्याच स्मृतीत आज्ञाही ठेवायच्या. नवे काम म्हणजे मग संख्यांची नवी यादी. तारांना हात लावायला नको.

आजचा प्रत्येक संगणक आणि प्रत्येक फोन या युक्तीवर उभा आहे. पण तिची एक किंमत आहे. स्मृतीतल्या एखाद्या संख्येकडे नुसते पाहून ती माहिती आहे की आज्ञा, हे सांगता येत नाही. संगणक ती कशी वापरतो यावर ते ठरते. आपल्या घरी पत्र आले आणि त्यात ‘तिजोरी उघडून पैसे ओट्यावर ठेवा’ असे लिहिले असेल, तर आपण ते वाचतो आणि हसून बाजूला ठेवतो. संगणकाला हसता येत नाही. तो एक तर पत्र वाचून दाखवतो, नाही तर त्यातल्या मजकुराप्रमाणे वागतो. कोणत्या फाईली वाचायच्या आणि कोणत्या पाळायच्या, हे आधी माणसाला ठरवून द्यावे लागते. पुढचा सगळा इतिहास या ठरवून देण्याचा आहे.

प्राणी ओळखणारा खेळ

१९७४ साली अमेरिकेत जॉन वॉकर नावाच्या प्रोग्रॅमरने युनिव्हॅक ११०८ या मोठ्या संगणकासाठी ‘ॲनिमल’ हा खेळ लिहिला. खेळणाऱ्याने मनात एक प्राणी धरायचा. संगणक ‘होय-नाही’ उत्तराचे प्रश्न विचारत तो ओळखायचा. ओळखता आला नाही, तर खेळणाऱ्याकडून नवा प्रश्न शिकून घ्यायचा. खेळ लोकांना आवडला आणि इतर ठिकाणच्या युनिव्हॅकवाल्यांकडून त्याच्या प्रतींची मागणी येऊ लागली. दरवेळी चुंबकीय फीत तयार करून टपालाने पाठवणे हे कटकटीचे काम होते.

वॉकरने १९७५च्या जानेवारीत त्यावर तोड काढली. ‘पर्व्हेड’ नावाचा एक छोटा भाग त्याने खेळाला जोडला. कुणी खेळायला बसले, की समोर प्रश्नोत्तरे चालू असताना हा भाग मागे गुपचूप काम करी. त्या माणसाला ज्या ज्या ठिकाणी फाईली लिहिण्याची परवानगी असेल, तिथे तिथे तो खेळाची एक प्रत ठेवून देई. यंत्रणेची देखभाल करणारा, म्हणजे जास्त अधिकार असलेला माणूस खेळला, की खेळ सगळ्यांच्या वापरातल्या जागी जाऊन बसे. तिथून फितींबरोबर तो दुसऱ्या संगणककेंद्रांत पोचे. कुणाचीही फाईल बिघडू नये याची वॉकरने काळजी घेतली होती आणि तसे नुकसान झालेही नाही. पुढे कार्यप्रणालीत बदल झाले आणि हा प्रसार आपोआप थांबला.

या निरुपद्रवी गोष्टीतून दोन नियम निघतात. पहिला: चालवलेल्या प्रोग्रॅमला, तो चालवणाऱ्याचे सगळे अधिकार मिळतात. खेळ स्वतः काही कुलूप तोडत नाही. आपण त्याला आपली किल्ली देऊन आत घेतो. दुसरा: समोर दिसते ते काम आणि मागे चाललेले काम एकच असेल असे नाही.

मित्रांनी फ्लॉपी घेणे सोडले

१९८२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रिच स्क्रेंटा हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा ॲपल-२ संगणकावर खेळत असे. मित्रमंडळींत खेळांच्या फ्लॉप्यांची देवघेव चाले. स्क्रेंटाला एक खोड होती. दुसऱ्याला द्यायच्या फ्लॉपीत तो आधी काही बदल करून ठेवी. मग खेळ मध्येच बंद पडे, नाही तर पडद्यावर खोडसाळ मजकूर येई. आजच्या भाषेत हीसुद्धा खेळात घातलेली भरच. मित्र लवकरच शहाणे झाले आणि त्याच्या हातची फ्लॉपी कुणी घेईना.

तेव्हा त्याने हात न लावता फ्लॉपी बदलण्याची युक्ती शोधली. ‘एल्क क्लोनर’ हा त्याचा प्रोग्रॅम फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात बसे. त्या फ्लॉपीने संगणक सुरू केला की तो स्मृतीत येऊन थांबे आणि त्यानंतर घातलेल्या स्वच्छ फ्लॉपीवर स्वतःची प्रत उतरवे. दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक छोटी कविता दिसे, एवढाच त्याचा उपद्रव. वैयक्तिक संगणकांवर प्रयोगशाळेबाहेर पसरलेल्या पहिल्या विषाणूंत त्याची गणना होते.

इथे भरवशाचे स्वरूपच बदलले. आधी मित्र विचारत, ‘फ्लॉपी कुणाची?’ स्क्रेंटाची असेल तर नको. आता फ्लॉपी सरळमार्गी मित्राची असली तरी उपयोग नव्हता, कारण आपण काय देतो आहोत हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

भारतातही संगणक वापरणाऱ्यांना पुढे याच रस्त्याने जावे लागले. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ नावाचा विषाणू फ्लॉप्यांवरूनच पसरे. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाईप केल्यावरच पुढे सरके. त्याच दशकात पुण्यात संगणकदुरुस्ती करणारे कैलास काटकर यांच्याकडे असे बाधित संगणक येत. त्यांचे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून विषाणूनाशकांचा उद्योग उभा राहिला.

पकडणारा पुरा का पडत नाही?

विषाणू ओळखणारा परिपूर्ण प्रोग्रॅम लिहिला तर प्रश्न मिटेल ना? या शंकेचे उत्तर फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने दिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने युनिक्सवर चालणाऱ्या एका व्हॅक्स संगणकावर रीतसर परवानगी घेऊन प्रयोग केले. एका उपयोगी दिसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याने पसरणारा भाग लपवला. सगळ्या यंत्रणेचा ताबा मिळायला सरासरी अर्ध्या तासाहूनही कमी वेळ लागला. अशा प्रोग्रॅमला ‘व्हायरस’ हा शब्द त्याचे मार्गदर्शक लेन एडलमन यांनी सुचवला.

त्याहून महत्त्वाचा ठरला त्याचा तर्क. तो वर्गातही सांगता येण्याजोगा आहे. समजा, एक परिपूर्ण परीक्षक प्रोग्रॅम आहे. कोणताही प्रोग्रॅम दाखवला की तो ‘पसरणारा’ किंवा ‘न पसरणारा’ असे अचूक सांगतो. आता आपण एक खट्याळ प्रोग्रॅम लिहू. तो परीक्षकालाच विचारतो, ‘मी पसरणारा आहे का?’ उत्तर ‘होय’ आले तर तो गप्प बसतो. ‘नाही’ आले तर पसरतो. म्हणजे परीक्षकाने काहीही सांगितले तरी ते चुकते. तेव्हा असा परिपूर्ण परीक्षक असूच शकत नाही. ‘मी खोटे बोलतो आहे’ या जुन्या कोड्याचेच हे भावंड आहे.

याचा अर्थ विषाणूनाशके निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. ओळखीचे चोर ती पकडतात, संशयितांवरही नजर ठेवतात. पण ‘काही सापडले नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे मात्र विसरून चालणार नाही.

डूमची वेगळी ठेवण

दुसरा मार्ग असा, की भर घालणाऱ्याला आज्ञा देण्याची संधीच द्यायची नाही. खेळांच्या जगात तो मार्ग निघाला, पण सुरक्षिततेसाठी नव्हे; सोयीसाठी निघाला.

१९८१च्या ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ या खेळात नाझी सैनिकांच्या तावडीतून सुटायचे असे. दोनेक वर्षांत काही तरुणांनी फ्लॉपीवरचा मजकूर थेट बदलून त्या सैनिकांच्या जागी ‘स्मर्फ’ ही निळी कार्टून बुटकी माणसे आणली. इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९२ साली ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ आणला तेव्हाही लोकांनी तेच केले. अडचण अशी, की नवे घालायचे तर मूळ फाईलवरच लिहावे लागे आणि जुने नाहीसे होई.

इड सॉफ्टवेअरचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांना ही उठाठेव आवडली होती. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाहेर पडला, तेव्हा त्यांनी खेळाचे दोन स्वच्छ भाग केले होते. खेळ चालवणाऱ्या आज्ञा एका फाईलमध्ये. नकाशे, चित्रे, आवाज ही सगळी सामग्री ‘वॅड’ या दुसऱ्या फाईलमध्ये. ‘व्हेअर इज ऑल द डेटा’, म्हणजे ‘सगळी माहिती कुठे आहे’, या प्रश्नातल्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. खेळाडूने आपली छोटी वॅड फाईल बनवायची आणि खेळ सुरू करताना तिचे नाव सांगायचे. तिच्यात असेल ते तिच्यातून घेतले जाई, नसेल ते मूळ फाईलमधून. छोटी फाईल बाजूला केली की खेळ पूर्ववत.

खेळ आल्यावर काही आठवड्यांतच खेळाडूंनी नकाशे बनवण्याचे साधन तयार केले आणि नवे नकाशे गावोगाव फिरू लागले. हे नकाशे सहसा निर्धास्तपणे घेता येत, कारण वॅडमध्ये खेळाने वाचायची माहिती असे, संगणकाने पाळायच्या आज्ञा नसत. वाईटात वाईट म्हणजे खेळ बंद पडे. मात्र वॅडबरोबर त्याच गाठोड्यातून एखादा छोटा प्रोग्रॅमही यायचा, आणि ‘आधी हा चालवा’ अशी सूचनाही असायची. तिथे निर्धास्तपणा संपला. गाठोडे एकच असले तरी आतल्या वस्तू दोन जातींच्या असतात.

भिंत बांधली, पाडली, पुन्हा बांधली

नकाशे बदलून लोकांचे समाधान होईना. खेळाचे नियम बदलायचे तर आज्ञा लिहाव्याच लागतात. इडच्या पुढच्या तीन खेळांत या पेचाची तीन उत्तरे दिसतात.

१९९६च्या ‘क्वेक’मध्ये मॉड लिहिणाऱ्यांसाठी ‘क्वेक-सी’ ही खास भाषा होती. तिच्यातल्या आज्ञा खऱ्या संगणकाला थेट दिल्या जात नसत. खेळाच्या पोटातले एक काल्पनिक यंत्र त्या पाळी. त्या यंत्राला फक्त खेळातल्या गोष्टी माहीत होत्या: राक्षस, दारे, गोळ्या. घरातल्या इतर फाईली त्याला दिसतच नसत. अंगणात वाळूचा चौकोन आखून ‘इथे काय हवे ते बांधा, घरात वाळू आणू नका’ असे मुलांना सांगावे, तसा हा प्रकार.

पण काल्पनिक यंत्र हळू चालते. १९९७च्या ‘क्वेक २’मध्ये वेगासाठी ते काढून टाकले. मॉड आता संगणकाला थेट समजणाऱ्या आज्ञांच्या फाईलमधून येऊ लागले. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’चीही रीत तीच होती, आणि मिन्ह ली व जेस क्लिफ या तरुणांनी त्यावर बनवलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड १९९९ साली आला तो पुढे मूळ खेळाहून लोकप्रिय झाला. मोकळीक मोठी होती, पण खेळणारा अशा मॉडला आपल्या घराची किल्ली देत होता. १९९९च्या अखेरीस आलेल्या ‘क्वेक ३’मध्ये काल्पनिक यंत्र परत आले, तेही पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगवान. इंटरनेटवर खेळताना अनोळखी ठिकाणाहून मॉड आपोआप उतरू शकत होते. त्यांना सबंध घर मोकळे ठेवणे परवडणारे नव्हते.

अंगणाची आखणीही अभेद्य नसते. ‘डोटा २’ या खेळात खेळाडूंनी बनवलेले प्रकार जावास्क्रिप्ट भाषेच्या आज्ञा वापरतात आणि त्या एका बंदिस्त यंत्रात चालतात. त्या यंत्रातली एक फट ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या कर्त्यांनी बुजवली. पण खेळात मात्र जुनेच यंत्र राहिले. कुणीतरी त्या फटीतून शिरणारे चार प्रकार बनवून खेळाच्या अधिकृत दालनात ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची दुरुस्ती झाली, म्हणजे सुमारे पंधरा महिने फट उघडी होती. सुदैवाने दोनशेहून कमी खेळाडूंपर्यंतच ती बाधा पोचली. खेळ आणि कार्यप्रणाली अद्ययावत ठेवा, असे सांगतात त्याचे कारण हे.

ताळा जुळला, तरी

आज मुलांच्या तोंडी सर्वांत जास्त असलेले मॉड ‘माइनक्राफ्ट’चे. २००९ साली हा खेळ लोकांसमोर आला आणि २०११ मध्ये पूर्ण रूपात विकला जाऊ लागला. त्याच्या मूळ संगणकावरच्या आवृत्तीत आपल्या इतिहासाच्या तिन्ही पायऱ्या एकाच वेळी नांदतात. ‘रिसोर्स पॅक’मध्ये चित्रे आणि आवाज असतात, ती वॅडची जात. २०१८ पासून आलेल्या ‘डेटा पॅक’मध्ये खेळाच्या आतल्याच आज्ञा असतात, ती वाळूच्या चौकोनाची जात. आणि ‘मॉड’ म्हणजे जावा भाषेतला पुरा प्रोग्रॅम. त्याला खेळणाऱ्याचे सगळे अधिकार मिळतात. म्हणजे तो वॉकरच्या ‘ॲनिमल’च्या जातीचा.

जून २०२३ मध्ये या तिसऱ्या पायरीवर मोठा अपघात उघडकीला आला. माइनक्राफ्टचे मॉड जिथे ठेवले जातात त्या ‘कर्सफोर्ज’ आणि ‘बकिट’ या दोन नामांकित ठिकाणच्या काही लेखकांची खाती कुणीतरी ताब्यात घेतली आणि लोकप्रिय मॉडच्या आत घातक भाग मिसळून ते पुन्हा ठेवून दिले. या घातक प्रोग्रॅमला ‘फ्रॅक्चरायझर’ म्हणतात. तो न्याहाळकातल्या प्रवेशखुणा आणि खेळाच्या खात्यांची माहिती चोरत असे. शिवाय संगणकावरच्या इतर जावा फाईलींत स्वतःची प्रत मिसळत असे. स्क्रेंटाच्या युक्तीला एकेचाळीस वर्षे झाली होती, पण युक्ती तीच होती. हे सगळे पहिल्यांदा लक्षात आले ते मॉड बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या. रात्री जागून त्यांनी त्या प्रोग्रॅमची उकल केली, तो कसा ओळखावा हे जाहीर केले आणि मग त्या ठिकाणांनीही तपासणीची साधने दिली.

या घटनेत भरवशाचे एक नेहमीचे साधन कुठे थांबते हे नीट दिसते. त्या साधनाची ओळख शिक्षकांना वेगळी करून द्यायला नको, कारण नवाचा ताळा आपण शिकवतोच. ४७२१ या संख्येतल्या अंकांची बेरीज १४, तिच्या अंकांची ५. कुणी उतरवून घेताना ४७२२ लिहिले तर ताळा ६ येतो आणि चूक कळते. पण ४२७१ लिहिले तर ताळा पुन्हा ५. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही. फाईलींसाठी म्हणून फार कडक ताळा लागतो. अमेरिकेच्या मानकसंस्थेने २००२ साली प्रमाण ठरवलेला ‘शा-२५६’ हा असाच एक ताळा आहे. कितीही मोठी फाईल दिली तरी त्यातून ६४ चिन्हांची एक ओळ निघते आणि फाईलमधले एक अक्षर बदलले तरी सगळी ओळ पालटते. एकच ताळा देणाऱ्या दोन वेगळ्या फाईली आजवर कुणालाही बनवता आलेल्या नाहीत.

लेखकाने आपल्या पानावर दिलेला ताळा आणि आपल्या फाईलचा ताळा जुळला, तर वाटेत कुणी फाईल बदललेली नाही एवढे नक्की झाले. पण लेखकाचे खातेच दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर तोच माणूस नवी फाईलही ठेवील आणि तिचा नवा ताळाही लिहील. ताळा वाटेची हमी देतो, माणसाची देत नाही. केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात हाच मुद्दा अधिक खोलवर नेला होता: आपण स्वतः न लिहिलेल्या प्रोग्रॅमवरचा भरवसा हा शेवटी तो लिहिणाऱ्या माणसांवरचा भरवसा असतो.

वर्गात काय सांगावे?

या इतिहासातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा: मुलाने फाईल घेऊ का म्हणून विचारले, तर पहिला प्रश्न ‘कुठून घेतोस?’ हा नसावा. पहिला प्रश्न असावा, ‘ही फाईल वाचली जाणार आहे की चालवली जाणार आहे?’ चित्रे, आवाज, नकाशे असतील तर धोका कमी. तेवढ्यासाठी सोबत एखादा ‘बसवणारा’ प्रोग्रॅम चालवायला सांगत असतील, तर तिथेच थांबावे. चित्रे ठेवायला प्रोग्रॅम कशाला हवा? विषाणूनाशक थोडा वेळ बंद करा, खात्याचा पासवर्ड इथे टाका, असे कुठलाही मॉड सांगू लागला तर उत्तर ‘नाही’ एवढेच.

फाईल चालवली जाणारी असेल, तर पुढचे प्रश्न येतात. ती लेखकाने स्वतः ठेवलेली आहे की कुणी तिसऱ्यानेच प्रत करून ठेवली आहे? ती बरेच दिवस अनेकांनी वापरलेली आहे, की आजच आली आहे? चार दिवस थांबण्याने खेळाचे काही बिघडत नाही. तेवढ्यात जाणत्या लोकांचे लक्ष जाण्याची शक्यता मात्र वाढते. आणि वॉकरचा पहिला नियम: आपले अधिकार तेच खेळाचे अधिकार. तेव्हा खेळायचे खाते वेगळे असावे, त्याला यंत्रणा बदलण्याची परवानगी नसावी, आणि त्या खात्यातून बँकेचे किंवा टपालाचे काम करू नये. जपायच्या फाईलींची एक प्रत संगणकाबाहेर असावी.

आपल्याकडे बहुतेक मुले संगणकापेक्षा फोनवर खेळतात, म्हणून तिथला फरक स्पष्ट सांगायला हवा. ‘सगळे टप्पे खुले’, ‘हवी तेवढी नाणी’ असे सांगणारी अँड्रॉइडची एपीके फाईल ही भर नसतेच. तो कुणीतरी उसवून, बदलून, पुन्हा शिवलेला आख्खा खेळ असतो. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला लेखकाची अंकीय सही लागते. ॲप बदलले की मूळ सही मोडते आणि बदलणाऱ्याला स्वतःची सही करावी लागते. म्हणजे वेष्टनावर नाव एकाचे आणि सही भलत्याची. शिवाय घरातल्या ज्या फोनवर तो बसवायचा, त्याच फोनवर पैशांच्या देवघेवीचे संदेश येत असतात. इथे नकार देताना शिक्षकांनी कचरू नये.

पण सरसकट नकार देऊ नये, असेही आम्हांला तितक्याच आग्रहाने सांगावेसे वाटते. दुसऱ्याने बनवलेला नकाशा उघडून ‘हे कसे केले असेल?’ असे विचारणारे मूल प्रोग्रॅमिंगच्या दारात उभे असते. डूमचे नकाशे करता करता कित्येक जण पुढे खेळ बनवण्याच्या धंद्यात गेले, आणि काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या दोघांची सुरुवातही मॉडपासूनच झाली. अशा मुलाला आधी चित्रे बदलू द्या. मग खेळाच्या आतल्या आज्ञा लिहू द्या. आणि स्वतःचा मॉड तो लिहील तेव्हा त्याला एक ताळा काढून सोबत द्यायला सांगा.

वर्गात एक तासिकेचा प्रयोग करून पाहता येईल. एका मुलाने पाच ओळींचा मजकूर लिहून त्याच्या अक्षरांवरून आपल्या मनाने एक ताळा ठरवायचा आणि तो फळ्यावर लिहायचा. कागद चार हातांतून फिरवायचा; त्यांतल्या एकाने गुपचूप एक बदल करायचा, आणि शेवटच्याने ताळा तपासायचा. बदल पकडला गेला नाही तर ताळा कसा कडक करावा यावर चर्चा होईल. दुसऱ्या फेरीत मूळ लेखकालाच खोडसाळपणा करू द्या. ताळा अचूक जुळेल, आणि तरीही मजकूर खोटा असेल. मग मुलेच विचारतील, की आता भरवसा कशावर ठेवायचा. त्या प्रश्नापर्यंत वर्ग पोचला, की तासिका सार्थकी लागली असे समजावे.